फाउंड्रीतल्या धुळीचा अभ्यास: पंप, फुंकर की एक्स-रे?

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे किंवा होनग्यातल्या फाउंड्री (धातूचं ओतकाम करणारे कारखाने) कामगारांवर अभ्यास करायचा ठरला, की पैशांचं गणित पहिल्याच आठवड्यात आडवं येतं. कामगाराच्या पट्ट्याला पंप आणि कॉलरला फिल्टर लावून धूळ मोजायची, स्पायरोमीटर या यंत्रावर फुंकरीचा जोर मोजायचा, की छातीचा एक्स-रे काढायचा? तिन्ही जमलं तर उत्तमच. एकच जमणार असेल, तर आधी प्रश्न पक्का करा: आजचं काम किती घातक आहे हे शोधायचंय, की गेल्या पंधरा-वीस वर्षांच्या कामाने फुप्फुसांचं काय केलं हे?

पहिल्या प्रश्नाला पंपच लागतो. ३७ मिलिमीटरचा पीव्हीसी फिल्टर, त्याच्या आधी नायलॉनचा सायक्लोन (जाड-बारीक धूळ वेगळी करणारं छोटं भांडं), हवेचा प्रवाह मिनिटाला १.७ लिटर, आणि हे सगळं नाकापासून ३० सेंटीमीटरच्या आत अडकवलेलं. जाड कण सायक्लोनच्या भांड्यात पडतात, फुप्फुसात खोलवर पोचणारी बारीक धूळ तेवढी फिल्टरवर जाते. नोव्हेंबर २०२५पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमातली मर्यादा धुळीतल्या क्वार्ट्झच्या (वाळूतल्या स्फटिकरूप सिलिकाच्या) प्रमाणावर ठरायची: १० भागिले (क्वार्ट्झची टक्केवारी अधिक २), उत्तर घनमीटरला मिलिग्रॅममध्ये. क्वार्ट्झ २० टक्के असेल, तर मर्यादा ०.४५ येते. आठ तासांत पंपातून जेमतेम ०.८ घनमीटर हवा जाते, म्हणजे मर्यादेवरची धूळसुद्धा फिल्टरवर ०.३७ मिलिग्रॅमच भरणार. नेहमीच्या प्रयोगशाळेतल्या तराजूचा इथे उपयोग नाही, मायक्रोबॅलन्स (मिलिग्रॅमचा हजारावा भाग तोलणारा तराजू) लागतो. वजनातला फरक धुळीचाच आहे ना हे कळावं म्हणून काही कोरे फिल्टर सोबत नेऊन न वापरता परत आणायचे आणि तेही तोलायचे.

घोळ बहुधा जेवणाच्या सुट्टीत होतो. कामगार पट्टा काढून पंप बाकावर ठेवतो, सायक्लोन उलटा होतो, भांड्यातले जाड कण फिल्टरवर सांडतात आणि आकडा फुगतो. म्हणून पाळीभर आपला एक माणूस खात्यात उभा हवा. प्रवाह आधी आणि नंतर मोजा. ५ टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर तो नमुना बाद करा. मोल्डिंगची (साचे बनवण्याची) वाळू ओलसर असते, शेकआउटची (साचा फोडून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, बाहेर काढण्याची) तापून कोरडी झालेली, आणि फेटलिंगमध्ये (कास्टिंग घासून साफ करताना) त्याला चिकटलेली वाळू ग्राइंडरने उडते. या खात्यांची एकत्र सरासरी काढली, की शेकआउटवाल्याचा धोका मोल्डरच्या आकड्यात बुडून जातो. प्रत्येक कामगटाचे वेगवेगळ्या दिवशी किमान सहा नमुने घ्या. भातलावणीच्या आठवड्यात माणसं शेतावर असतात आणि काम मंदावतं. तो आकडा वर्षभराचा म्हणून लिहू नका.

फुंकरीचा पर्याय सगळ्यात आधी सुचतो, कारण यंत्र पिशवीत मावतं आणि निकाल लगेच हातात येतो. पण सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीने फुप्फुसं आखडण्याचा आजार) शोधायला एकटी स्पायरोमेट्री हा तिघांतला सर्वांत कच्चा मार्ग आहे. सुरुवातीच्या साध्या सिलिकोसिसमध्ये ती पूर्ण नॉर्मल येऊ शकते, आणि बिघडलेली आली तरी दोष धुळीचा की विडीचा हे ती सांगत नाही. तरीही करायचीच असेल, तर नीट करा. रोज ३ लिटरच्या सिरिंजने यंत्र तपासा. उंची चपला काढून मोजा. निदान तीन ग्राह्य फुंकरी हव्यात आणि त्यांतल्या उत्तम दोन फुंकरींत १५० मिलिलिटरहून जास्त फरक नको. यंत्रात कोणत्या लोकसमूहाची प्रमाणमूल्यं भरलीत ते उघडून बघा. युरोपीय मूल्यं ठेवली, तर धडधाकट माणूसही आजारी ठरतो. त्याच आर्थिक थरातल्या, धुळीत काम न करणाऱ्यांचा तुलनेचा गट हा त्यावरचा खरा उपाय.

जुन्या कामाचा हिशेब एक्स-रेच देतो. तो आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या वर्गीकरणाने, प्रमाण चित्रं शेजारी ठेवून वाचायचा. किमान दोन वाचक असावेत, आणि कोण कुठल्या खात्यातला हे दोघांनाही कळता कामा नये. सहसा ठिपक्यांची दाटी त्या वर्गीकरणाच्या श्रेणीत १/० किंवा त्यावर असेल, तर रोग धरतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोवरून हे वाचन होत नाही. एक्स-रे यंत्रातून निघालेली मूळ डायकॉम फाइलच हवी. दोन ठिकाणी फसगत होते. क्षयाचे डाग वरच्या भागात तसेच दिसतात, म्हणून शंका आली की थुंकीची तपासणी आलीच. आणि लोखंडाच्या धुळीनेही बारीक गोल ठिपके उमटतात, पण त्यात फुप्फुस तसं आखडत नाही; त्यामुळे फेटलरचा एक्स-रे त्याच्या कामाचा इतिहास नसेल तर अर्धवटच.

मस्टरवरून नावं काढली, की ठेकेदाराची माणसं सुटतात. शिवाय जुनाट सिलिकोसिस दिसायला दहा वर्षांहून जास्त लागतात. तोवर दम लागणारा माणूस काम सोडून घरी बसलेला असतो. कारखान्यात तपासले जातात ते टिकलेले. एक्स-रे निवडलात, तर मजगाव, अनगोळ, येळ्ळूर, पिरनवाडीत फिरून जुने कामगार गाठावे लागतील, आणि ते बजेटमध्ये आधीच धरा.

पैसे एकाच गोष्टीपुरते असतील आणि फाउंड्री चालू असेल, तर आमचा कौल पंपाला. त्याचा आकडा फुप्फुस बिघडण्याआधी मिळतो, आणि शेकआउटवर हवा ओढून घेणारा हूड बसवा म्हणायला हातात पुरावा येतो. पंप विकत घेण्याआधी क्वार्ट्झची तपासणी कुठे होणार ते मात्र ठरवा; राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेचं प्रादेशिक केंद्र बंगळूरला आहे, चौकशी तिथून सुरू करा.

एक्स-रे काढणार असाल, तर सिलिकोसिस हा कायद्याने कळवावा लागणारा आजार आहे हे ध्यानात ठेवा. निकाल कोणाकोणाला कळेल हे संमतिपत्रात मराठी, कन्नड आणि हिंदीत आधीच लिहा, आणि कामगाराचा निकाल पहिल्यांदा त्याच्याच हातात द्या.