हेझलच्या रानातला सामुदायिक अभ्यासक्रम: एका हंगामानंतरचं मत

इंग्लंडात सामुदायिक रानं सांभाळणारे गट हिवाळ्यात आठवड्यातून एक दिवस कॉपिसिंगचे वर्ग घेतात. कॉपिसिंग म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर, पक्ष्यांची घरटी सुरू होण्याआधी, हेझलची (हेझलनट देणारी) झुडपं बुंध्यापासून तोडायची. वसंतात खुंटातून सरळसोट धुमारे फुटतात आणि सात ते दहा वर्षांनी तोच खुंट पुन्हा तोडणीला येतो. सागाचा खुंट फुटतो तसंच. सफोकमधल्या ब्रॅडफील्ड वुड्समध्ये हे 1252 पासून चालू आहे.

तोडणं हे वर्ग उत्तम शिकवतात. आधी खुंटाभोवतीच्या बारीक काटक्या काढून करवतीला जागा करायची. मग बाहेरच्या, कललेल्या काठ्या, मधल्या शेवटी. काप जमिनीपासून चार-पाच सेंटिमीटरवर आणि बाहेरच्या अंगाला उतरता, म्हणजे पाणी साचत नाही. खुंट उंच ठेवला तर धुमारे वरून फुटतात, त्यांची पकड कच्ची राहते आणि ते वाऱ्याने निखळतात. मनगटाएवढी काठी असेल तर ज्या बाजूला ती कलली आहे तिकडून आधी एक तृतीयांश कापून घ्यायची. नाहीतर पडता पडता ती उभी चिरते आणि साल थेट खुंटापर्यंत सोलत नेते.

बिलहुक, म्हणजे इथला टोक वळलेला कोयता, ज्या हातात धरायचा त्यात हातमोजा घालत नाहीत, कारण ओल्या मोज्यातून मूठ निसटते. मोजा फक्त काठी धरणाऱ्या हातात. धार लावणं मात्र बहुतेक ठिकाणी घाईत उरकतात, ही या वर्गांची सगळ्यात मोठी उणीव. बोथट पातं लाकडात न शिरता घसरतं आणि नेमकं पायाकडे येतं. दगड सोबत न्यावा आणि जेवणाच्या सुट्टीत पात्यावर छोटे गोल फिरवावा.

काठ्या तोडतानाच निवडाव्यात, बुडं एकाच दिशेला ठेवून. आठ फुटी सरळ काठ्या घेवड्याच्या वेलांसाठी, चार-पाच फुटी फांद्यांचे पंखे वाटाण्यासाठी, पाच फुटी जाड खुंट्या कुंपणासाठी. नंतर निवडू म्हणून ढीग केला की फांद्या एकमेकींत अडकतात आणि ओढताना निम्मा माल मोडतो.

तोडणीपेक्षा अवघड काम पुढचं: हरणं. एप्रिल-मेमधले कोवळे धुमारे हरणांना फार आवडतात, आणि सलग दोन-तीन वर्षं खुडले गेले तर खुंट मरतो. उरलेल्या काटक्या रचून केलेलं कुंपण सगळीकडे घालतात, पण ते दीड मीटरपेक्षा कमी असेल तर रो जातीचं हरीण सहज उडी मारतं, आणि खाली फट राहिली तर मुंटजॅक हे बुटकं हरीण आत शिरतं. काटक्या थेट खुंटावर रचल्या तर हरणं अडतात, पण थर दाट झाला की धुमारे वाकडे होतात आणि नंतर काढायला गेलं की मोडतात. डोक्यावर ओकचं छत्र दाट असेल तर कुंपण कितीही चांगलं असो, सावलीत धुमारे खुरटेच राहतात. डॉरमाऊस (उंदरासारखा छोटा प्राणी) असलेल्या रानात आणखी जपावं लागतं: हा कायद्याने संरक्षित प्राणी हिवाळाभर जमिनीवरच्या पालापाचोळ्यात झोपलेला असतो, म्हणून ये-जा ठरलेल्या वाटेनेच करायची.

मनाला बरं वाटतं का? वाटतं, आणि त्याचं कारण साधं आहे. तीच माणसं, तोच तुकडा, हातात काम. शेजारी उभं राहून करवत चालवताना बोललं नाही तरी अवघडल्यासारखं होत नाही. एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या सोशल प्रिस्क्रायबिंगमधून, म्हणजे औषधाऐवजी किंवा औषधासोबत सामुदायिक उपक्रम सुचवण्याच्या पद्धतीतून, जीपी (फॅमिली डॉक्टर) अशा गटांकडे माणसं पाठवतात. पण हे एक-दोन दिवसांच्या लाकडी चमचे कोरण्याच्या शिबिरात मिळत नाही. त्यात लाकूड कुठून आलं हेही कळत नाही.

नाव नोंदवण्याआधी गेल्या हिवाळ्यात तोडलेला तुकडा दाखवायला सांगा. निरोगी खुंटावर पहिल्याच उन्हाळ्यात मीटरभर धुमारे येतात. ते नसतील तर टोकं बघा: फाटल्यासारखी, धागे लोंबणारी असतील तर हरणांनी खाल्लेत, सुरीने तिरकी कापल्यासारखी असतील तर सशांनी, मग कुंपणाला खालून बारीक जाळी हवी.