लेकराला न्यायचं कुठे: खासगी दवाखाना की सरकारी ओपीडी?

जन्मदाखल्यावर मुलगी असलेलं आमचं लेकरू पंधराव्या वर्षी ‘मी आले’ऐवजी ‘मी आलो’ म्हणायला लागलं. हे माझ्या लक्षात यायला दोन महिने लागले, हिच्या दोन दिवसांत आलं. आजीचं काही अडलंच नाही. ती पहिल्यापासून ‘आलं का माझं लेकरू’ असंच विचारते.

जेंडर डिस्फोरिया म्हणजे जन्मावेळी नोंदवलेलं लिंग आणि मनाची ओळख न जुळल्याने होणारी घालमेल, हे डॉक्टर शोधायला निघालेल्या आईबापांना मी सांगायला नको. आम्ही पुण्यात मानसोपचारासाठी दोन्हीकडे जाऊन आलो, म्हणून लिहितोय.

आधी नातेवाइकांचा मुद्दा बाजूला करतो. फॅमिली ग्रुपवर ब्रिटनच्या बातम्या येतात. तिथल्या एनएचएसने, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेने, मार्च २०२४ मध्ये यौवन रोखणारी औषधं नेहमीच्या उपचारांतून काढली. पुढच्याच महिन्यात तिथल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. हिलरी कास यांचा अहवाल आला आणि या औषधांमागचा पुरावा कमकुवत असल्याचं त्यात म्हटलं. त्यावर डॉक्टरांमध्येच वाद आहेत. पण ती औषधं वयात येण्याच्या सुरुवातीला द्यायची. आमचं लेकरू तोवर सोळाचं झालेलं. आमच्यापुढे इंजेक्शनचा प्रश्न नव्हताच, बोलायचं कुणाशी एवढाच होता.

खासगीकडे सगळं छान. ठरलेली वेळ, बंद दार, पंचेचाळीस मिनिटांचे दीड हजार. डॉक्टर अनुभवी आणि स्वभावाने मायाळू. पण लेकरू दारातून ‘मी आलो’ म्हणालं की ते हसून म्हणायचे, “आले म्हणायचं बाळा, आले.” ओरडून नव्हे हो, शाळेत बाई ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात तसं. चौथ्या खेपेपासून लेकरू त्यांच्याशी इंग्रजीत बोलायला लागलं. इंग्रजीत ‘आय केम’ म्हटलं की आलो-आलेची भानगडच नाही. डॉक्टर खूश, “किती आत्मविश्वासाने बोलते!” घरी भांडण, रडणं, वरणात मीठ कमी असल्याची तक्रार, सगळं मराठीत करणारं आमचं पोर तिथे इंग्रजीच्या आड लपत होतं, आणि त्याचे पैसे मी भरत होतो.

याला कन्व्हर्जन थेरपी, म्हणजे लेकराची ओळखच बदलू पाहणारा ‘उपचार’, म्हणणं अन्यायाचं होईल. ‘बरं करून देतो’ म्हणणारे वेगळे. त्या प्रकारावर मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बोट ठेवलं आणि राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये ते व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. तसं कुणी भेटलं तर चहालाही थांबू नका. आमचे डॉक्टर तसे नव्हते. पण सहाव्या खेपेनंतर आम्ही गेलो नाही.

सरकारी रुग्णालयात आठ वाजता रांग. बाकावर जागा नाही, पंखा आवाज करण्यापुरता. आणि पहिल्याच दिवशी केसपेपरवरचं जुनं नाव शिपायाने असं खणखणीत पुकारलं की अख्ख्या ओपीडीने मान वळवली. लेकरू तडक गेटकडे निघालं. मी सिस्टरना हळूच विचारलं, नुसतं आडनाव पुकारता येईल का? त्यांनी कारण विचारलं नाही, केसपेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आडनाव लिहिलं.

आत शिकाऊ डॉक्टर, फार तर सत्तावीस वर्षांचे. “मी आलो,” लेकरू पुटपुटलं. ते कागदावरून मान न उचलता म्हणाले, “ये, बस. काही खाऊन आलास का?” झालं. मी बाहेर थांबलो. जेमतेम बारा मिनिटं मिळाली, पण सगळी मराठीत.

नंतर मी त्यांना विचारलं, हा आजार नाही तर मानसोपचार कशाला? ते म्हणाले, आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे २०२२ पासून, हे मानसिक आजारांत मोडत नाही, लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात येतं. पण याला झोप लागत नाही, दहावीपासून छातीत धडधडतं, त्यासाठी मी आहे. इतकं सरळ आम्हाला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

तोटे आहेतच. शिकाऊ डॉक्टरांची पाळी बदलते आणि सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. आमची दोनदा सांगून झाली. दाराऐवजी पडदा आहे. पण हार्मोन्सचे डॉक्टर त्याच आवारात बसतात. अठरानंतर लेकराने तसं ठरवलं, तर चिठ्ठी पलीकडच्या इमारतीत जाईल, एवढंच.

हा एका घरचा अनुभव. तुमच्या गावात नेमकं उलटंही असेल, आणि लेकराला गर्दी अजिबात सोसत नसेल तर खासगीच बरं. तृतीयपंथीयांसाठीच काढलेलं मित्र क्लिनिक पुण्यातही होतं, ते अमेरिकेची मदत थांबल्यावर जानेवारी २०२५ मध्ये बंद पडलं. रात्री-अपरात्री वेळ आलीच तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मराठीतही चालतो.

सरकारीकडे जाणार असाल तर केसपेपर काढतानाच आडनावाचं सांगून ठेवा. आमच्या केसपेपरवरची पेन्सिल आता पुसट झालीय, पुढच्या मंगळवारी पेनाने गिरवून घेणार आहे.