पणजीतून निघणारी धर्मस्थळांची अभ्यासफेरी : श्रद्धेची फेरतपासणी करणाऱ्यास कितपत उपयोगी?

गोव्यात धर्मस्थळे दाखवणाऱ्या सहली पुष्कळ आहेत आणि त्यांतील बहुतेक जुने गोवे, मंगेशी व एखादे मसाल्याचे कुळागर अशा ठरलेल्या वाटेने जातात. पणजीतून निघणाऱ्या या एकदिवसीय अभ्यासफेरीचा दावा मात्र निराळा आहे. ज्या धर्मात आपण वाढलो त्याकडे नव्याने पाहणाऱ्यांना इतर धर्मांच्या आचाराची प्रत्यक्ष ओळख करून द्यावी, असा तिचा हेतू सांगितला जातो. देवाला पाकळ्या लावून प्रसाद, म्हणजे देवाचा कौल, घेतल्याखेरीज घरातले कोणतेही मोठे कार्य ठरत नाही, अशा फोंडा महालातील सारस्वत कुटुंबात मी वाढलो आणि गेली काही वर्षे त्या प्रसादावरचा माझा विश्वास ओसरत चालला आहे. त्यामुळे हा दावा तपासून पाहावासा वाटला. शुल्क माणशी अडीच हजार रुपये असून त्यात वाहन, मार्गदर्शक आणि दुपारचे साधे जेवण येते.

फेरीची सुरुवात जुन्या गोव्यातील बॉम जेझू बासिलिकेत सकाळच्या कोकणी मिसेने, म्हणजे कॅथलिकांच्या सामुदायिक उपासनेने, होते. 1594 मध्ये बांधायला घेतलेली आणि 1605 मध्ये अभिषिक्त झालेली ही इगर्ज (चर्च) बहुतेक गोवेकरांनी सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपुरतीच पाहिलेली असते. आमच्यासारखी हिंदू कुटुंबेही 3 डिसेंबरच्या फेस्ताला जातात, रांगेत उभी राहतात, खाजे विकत घेऊन परततात. पण पूर्ण मीस ऐकण्याचा प्रसंग सहसा येत नाही. आयोजकांनी येथे समजूतदारपणा दाखवला. कम्युनियनचा प्रसाद फक्त कॅथलिकांसाठी असतो, त्या वेळी आपण बाकावर बसून राहावे, इतके वाहनातच सांगून मार्गदर्शक पुढे एक शब्दही बोलला नाही. परक्या उपासनेत कोणी कानाशी निरूपण करत नसताना बसता येणे ही या फेरीतील सर्वांत मोलाची गोष्ट होती, आणि शुल्काचा अर्धा भाग तरी माझ्या मते तिथेच वसूल झाला.

मंगेशी आणि फोंड्याची साफा मशीद यांची जोडी ज्या कोणी लावली, त्याला इतिहासाची चांगली जाण असली पाहिजे. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करणारे कॅथलिक न्यायालय स्थापन झाले. त्याच वर्षी मंगेशाचे लिंग कुठ्ठाळीहून झुआरी ओलांडून प्रियोळला हलवण्यात आले आणि साफा मशीदही त्याच वर्षीची मानली जाते. प्रियोळ आणि फोंडा तेव्हा आदिलशाहीत होते. पोर्तुगीजांच्या ताब्यात हा मुलूख जवळजवळ दोनशे वर्षांनी, अठराव्या शतकात आला. आमच्या घरी सांगितली जाणारी कथा पाद्र्यांनी देवळे पाडली आणि पूर्वजांनी रातोरात देव हलवले इथवर येऊन थांबते. ती खोटी नाही. मात्र तो देव ज्या भूमीत सुखरूप पोचला तिचा धनी मुसलमान सुलतान होता, हा भाग घरच्या कथेत कधी आला नाही. मंगेशीचा दीपस्तंभ पाहून तासाभरातच मशिदीच्या जांभ्या दगडाच्या तळीसमोर उभे राहिल्यावर तो टाळता येत नाही. मशिदीतील एका वयस्क गृहस्थांनी वजूचा, म्हणजे नमाजापूर्वी हातपाय धुण्याचा, क्रम सावकाश करून दाखवला आणि आमच्यातील एका बाईंनी विचारलेल्या अवघड प्रश्नांनाही न चिडता उत्तरे दिली.

फेरीचा मोठा दोष मार्गदर्शकाच्या एका सवयीत आहे. वाहनात संभाषण रंगू लागले, कोणी नेमका प्रश्न विचारला, की तो ‘शेवटी सगळे धर्म एकच सांगतात’ असे म्हणून विषय मिटवतो. मिसेत ज्या पुनरुत्थानाची घोषणा होते ते एकदाच, एका देहाचे. आमच्याकडच्या श्राद्धामागे पुनर्जन्माची आणि पितृलोकाची कल्पना आहे. मंगेशीला सोमवारी देव पालखीत बसून बाहेर येतो, तर मशिदीत मूर्तीला जागाच नाही. बौद्ध विचार तर आत्माच मानत नाही. ज्याला स्वतःच्या श्रद्धेचे काय करावे हा प्रश्न खरोखरच पडला आहे, त्याचे काम या भेदांशी आहे. सर्व एकच असेल, तर कुळदेव सोडण्याचे कारण उरत नाही आणि जवळ करण्याचेही. सलोख्याच्या भाषणाला हे वाक्य शोभते, अभ्यासाला नाही. आणि गोव्यातला सलोखा काही या वाक्यावर उभा नाही. फातर्प्याच्या शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीणीच्या छत्र्यांच्या उत्सवात ख्रिस्ती गावकरही आपला मान राखून असतात, ते धर्म एकच आहेत म्हणून नव्हे, तर गाव एक होता म्हणून.

दुपारनंतरचा सांखवाळचा टप्पा माहितीपत्रकात जेमतेम एका ओळीत उरकलेला आहे, आणि हे मला सर्वांत अनाकलनीय वाटले. येथे आरोग्यमातेच्या जुन्या इगर्जीची केवळ दर्शनी भिंत उभी आहे, ती पाहून मंडळी छायाचित्रे काढतात. परंतु याच गावात 1876 मध्ये बौद्ध धर्माचे व पालीचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी जन्मले. सारस्वत घरातल्या या तरुणाला बुद्धाची ओढ लागली ती एका ख्रिस्ती मिशनच्या मराठी बालमासिकातील चरित्र वाचून. पत्नी व लहान मुलगी मागे ठेवून ते 1899 मध्ये घराबाहेर पडले, पुणे, काशी, नेपाळ असे करत सिंहलद्वीपास (श्रीलंकेस) पोचले आणि 1902 मध्ये त्यांनी तेथे प्रव्रज्या, म्हणजे भिक्षूची दीक्षा, घेतली. पुढे ते पुन्हा संसारात आले, पालीचे अध्यापन करू लागले. उतारवयात जैन तीर्थंकर पार्श्वनाथांच्या चातुर्याम (चार व्रतांच्या) धर्माकडे वळले आणि 1947 मध्ये सेवाग्रामला उपोषण करून त्यांनी देह ठेवला. अशा फेरीला याहून समर्पक माणूस मिळणार नाही. त्यांच्यामागे घर सांभाळणाऱ्या पत्नीला या शोधाची काय किंमत द्यावी लागली, हा प्रश्नही येथेच उपस्थित व्हायला हवा होता, कारण श्रद्धा बदलणाऱ्या प्रत्येकाच्या घरात तो असतोच. मार्गदर्शकाने मात्र नाव व जन्मवर्ष सांगून वाहन सुरू केले.

शेवटचा थांबा बेतीचा गुरुद्वारा. डोके झाकून बसणे, कीर्तन आणि लंगर, सर्व नीटनेटके. पण तोवर सगळे थकलेले असतात.

दिलेली टिपणे केवळ इंग्रजीत आहेत. 1616 मध्ये रायतूरच्या छापखान्यातून थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत छापून घेतली. त्या भूमीत मराठी बोलणाऱ्यांना आज इंग्रजी टिपणे वाचावी लागावीत, हे थोडे मजेशीरच आहे. जेवण बरे होते, वाहन स्वच्छ होते.

निर्णय आधीच करून आलेल्यांना, मग तो कोणत्याही बाजूचा असो, येथे फारसे काही मिळणार नाही. ज्यांचे मन अजून ठरलेले नाही त्यांनी जरूर जावे, मात्र नोंदणी करतानाच सांखवाळला किमान तासभर थांबण्याची मागणी करावी आणि त्यासाठी बेती वगळावी लागली तरी चालेल असे सांगावे. शुक्रवारी जाऊ नये, कारण दुपारच्या नमाजाच्या वेळी मशिदीत बोलायला कोणालाच सवड नसते. सोमवारी गेल्यास मंगेशीत गर्दीमुळे वेळ जाईल, हे गृहीत धरावे.