वॉल्थर पीपीके/एस: वेस्ट जर्मनीचा जुना इम्पोर्ट, जास्त पैसे द्यावेत का?

इकडे अमेरिकेत जुन्या जर्मन पिस्तुलांच्या किमती बघून लोक चक्रावतात, म्हणून माझ्याकडच्या .380 कॅलिबरच्या पीपीके/एस पिस्तुलाबद्दल जरा सविस्तर लिहितो. हे मॉडेल मुळात अमेरिकेच्या कायद्यामुळेच जन्माला आलं. 1968 च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टनंतर बाहेरून येणाऱ्या पिस्तुलांना साइज, वजन वगैरेवर मार्क द्यायला लागले आणि छोटं पीपीके एका मार्काने नापास झालं, मग वॉल्थरने पीपी या आपल्याच मोठ्या पिस्तुलाची फ्रेम (मुठीसकटचा खालचा भाग) घेतली, वर पीपीकेची स्लाईड (मागेपुढे सरकणारा वरचा भाग) बसवली, वजन साधारण 50 ग्रॅम वाढलं, मॅगझिनमध्ये एक गोळी जास्त मावायला लागली आणि माल परत बंदरात उतरायला लागला. पीपीकेची आयात मात्र बंदच, त्यामुळे आधी आलेल्या पीपीकेला आजही वेगळाच भाव असतो.

किंमत चढायचं दुसरं कारण मार्क, म्हणजे जर्मनीचं तेव्हाचं चलन. 1968 ला एका डॉलरला 4 मार्क मिळायचे, 1978 संपताना 2 सुद्धा नाही. म्हणजे तिकडे 400 मार्कांना पडणारी वस्तू 100 डॉलरवरून 200 च्या पुढे, आणि कारखान्याने एक पैसा वाढवलेला नसताना! अमेरिकन आयातदार इंटरआर्म्सने 1978 च्या सुमारास अलाबामात लायसन्सवर उत्पादन सुरू केलं ते उगाच नाही. बंदी फक्त आयातीवर असल्यामुळे पुढे 1986 पासून साधं पीपीकेसुद्धा अलाबामातच बनायला लागलं.

आता वस्तूबद्दल. निळं पॉलिश अजून इतकं खोल आहे की स्लाईडच्या कडा बोटाला कळतात पण टोचत नाहीत. जर्मनीतल्या उल्म शहरातल्या प्रूफ हाउसचा (बंदुका तपासून पास करणारी संस्था) शिंगाचा ठप्पा नीट बघा, शेजारी टेस्टचं वर्ष असतं, आकड्यात नाहीतर अक्षरांच्या कोडमध्ये, विकणारा सांगतो त्या वर्षापेक्षा ठप्प्यावर विश्वास ठेवा. एक गोष्ट विकणारे सहसा बोलत नाहीत, त्या काळातल्या बऱ्याच "उल्म" पिस्तुलांचं मूळ काम फ्रान्समध्ये मॅन्युरिन कंपनीकडे झालंय, फिनिशिंग आणि प्रूफ जर्मनीत. माझ्या मते क्वालिटीत काडीचा फरक नाही, म्हणून मॅन्युरिनचा शिक्का असलेलं स्वस्तात मिळालं तर डोळे झाकून घ्या.

चालवायला? बॅरल फ्रेमला फिक्स असल्यामुळे नेम मस्त लागतो. पण पहिल्या गोळीचा डबल अ‍ॅक्शन ट्रिगर (एकाच ओढीत हॅमर मागे नेऊन सोडणारा) भयंकर जड आहे, आणि हात मोठा असेल तर स्लाईड अंगठ्याजवळची कातडी सोलते, खरंच सोलते.

फक्त रेंजवर वापरायचं असेल तर अलाबामावालं बघा, पैसे वाचतील. जपून ठेवायचं असेल तर वेस्ट जर्मनीच घ्या, डबा आणि टेस्ट टार्गेट (कारखान्यात चाचणीला गोळ्या मारलेला कागद) सोबत असेल तर थोडे जास्त द्यायला हरकत नाही, पण पॉलिश परत केलेलं असेल, अक्षरं पुसट दिसत असतील, तर सरळ पुढे चला.