नर्मदेवरच्या कयाक-मुक्कामी सहलीसाठी पॉवर बँक की सोलर पॅनेल?

इंदूरहून कयाक घेऊन चार-पाच दिवसांसाठी नर्मदेवर जायचे म्हटले की साधारण दोन बेत पुढे येतात. एक ओंकारेश्वरच्या खालून मंडलेश्वर-महेश्वरकडे वाहत्या नदीने जाण्याचा, आणि दुसरा हनुवंतियाच्या बाजूने इंदिरासागर जलाशयाच्या पसरलेल्या पाण्यात उतरण्याचा. पहिल्या मार्गावर परिक्रमावासीयांचे आश्रम आणि धर्मशाळा आहेत, त्यामुळे रात्री मोबाइल लावण्यापुरता प्लग विनंती केल्यास बहुधा मिळतो. जलाशयाच्या ओसाड काठावर तंबू ठोकणाऱ्याला मात्र तीन-तीन दिवस विजेचे बटण दिसणार नाही. पॉवर बँक घ्यावी की सोलर पॅनेल, हा प्रश्न दुकानात जाण्यापूर्वी या फरकापाशीच बऱ्याच अंशी सुटतो.

आधी गरजेचा हिशेब करावा, आणि तो मिलीअँपिअर-तासांत न करता वॅट-तासांत, म्हणजे साठवलेल्या एकूण ऊर्जेत करावा, कारण पॉवर बँकेवर छापलेला आकडा आतल्या सेलच्या 3.7 व्होल्टचा असतो आणि मोबाइलकडे जाताना त्यातला बराच भाग विद्युतदाब वाढवण्यात आणि उष्णतेत खर्च होतो. पाच हजार मिलीअँपिअर-तासांची मोबाइल बॅटरी म्हणजे सुमारे 19 वॅट-तास. नकाशे आधीच उतरवून ठेवून फ्लाइट मोडमध्ये फक्त जीपीएस चालू ठेवले, तर दिवसाला दहा वॅट-तासांत भागते. तसे न केल्यास, रेंज नसलेल्या ठिकाणी मोबाइल टॉवर शोधत राहून संध्याकाळपर्यंत बॅटरी संपवतो. छोट्या अॅक्शन कॅमेऱ्याच्या एका बॅटरीला साधारण सहा-सात वॅट-तास लागतात. हेडलॅम्प धरून दिवसाला वीस वॅट-तास, म्हणजे पाच दिवसांना शंभर, हा अंदाज पुरेसा आहे.

वीस हजार मिलीअँपिअर-तासांची पॉवर बँक कागदोपत्री 74 वॅट-तासांची असते, पण मोबाइलच्या पदरात सुमारे 55 पडतात, म्हणजे अडीच-तीन वेळा पूर्ण चार्ज होतो. अशा दोन बँका म्हणजे सुमारे पाऊण किलो वजन. पाठीवरच्या सॅकमध्ये ते जाणवले असते, पण कयाकच्या पोटात, बैठकीजवळ ठेवल्यास त्याचा त्रास नाही. शिवाय ऊन पडो वा ढग येवो, हा साठा आपल्याजवळ तयार असतो. वीस हजारांची एकच बँक घेण्यापेक्षा दहा हजारांच्या दोन घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण एक भिजली तर दुसरी उरते. बाजारात पन्नास हजारांचे आकडे छापलेल्या स्वस्त बँका दिसतात, त्यांच्याबाबत वजनकाटा हाच खरा पारखी आहे. अशा बँकांत वापरला जाणारा दंडगोल 18650 सेल सुमारे 45 ते 48 ग्रॅमचा असतो आणि त्यात फार तर साडेतीन हजार मिलीअँपिअर-तास बसतात, म्हणून पन्नास हजारांसाठी किमान पंधरा सेल, अर्थात नुसत्या सेलचेच पाऊण किलोच्या जवळपास वजन हवे. हातात तीनशे ग्रॅमची डबी आली तर ती न घेता परत ठेवावी.

सोलर पॅनेलचे आकर्षण मोठे आहे. ओंकारेश्वरच्या जलाशयावर सरकारने तरंगते सौरसंच बसवले आहेत, तर आपल्या बोटीवर एक का नको, असे वाटणे साहजिकच. पण ते संच सूर्याकडे कललेले असतात आणि त्यांच्यावर कोणी वल्हे फिरवत नाही. इंदूरच्या अक्षांशावर डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून फक्त 44 अंशांपर्यंत चढतो, त्यामुळे कयाकच्या डेकवर सपाट टाकलेल्या पॅनेलला थेट उन्हाचा सत्तर टक्के भागच मिळतो. त्यात वल्हे मारणाऱ्याची सावली, बोटीची बदलती दिशा आणि शिंतोडे यांची भर पडते. एकापुढे एक जोडलेल्या सेलपैकी एकावर जरी सावली पडली तरी संपूर्ण साखळीचा प्रवाह घटतो, आणि तापलेल्या पॅनेलची क्षमता दर अंश सेल्सिअसमागे सुमारे 0.4 टक्क्यांनी कमी होते. वीस वॅटच्या घडीच्या पॅनेलकडून प्रत्यक्षात दिवसाला पंचवीस-तीस वॅट-तास मिळतील असे धरावे. ते सुद्धा दुपारी दोन-अडीच तास काठावर थांबून, पॅनेल दगडाला टेकवून सूर्यासमोर धरले तरच. दिवसाची गरज वीस वॅट-तासांची असल्याने एवढे पुरते, हे मान्य केले पाहिजे.

पॅनेलचा मोबाइल थेट चार्ज करण्यासाठी उपयोग करू नये. ढग गेला-आला की चार्जिंग तुटते आणि काही मोबाइल पुन्हा सुरूच करत नाहीत. पॅनेलने बँक भरावी आणि रात्री बँकेने मोबाइल. म्हणजे पॅनेल घेतले तरी बँक सुटत नाही, हे खर्च मोजताना विसरू नये.

दिव्याचा प्रश्न मला वेगळा ठेवावासा वाटतो. पेन्सिल सेलवर चालणारा हेडलॅम्प कमी आधुनिक दिसेल, पण त्याचे सेल नदीकाठच्या कोणत्याही किराणा दुकानात मिळतात आणि मोबाइलचा सारा साठा संपला तरी अंधारात तंबू सापडतो. पुन्हा चार्ज होणारे पेन्सिल सेल 1.2 व्होल्टचे असतात, त्यामुळे काही दिव्यांचा प्रकाश थोडा मंद वाटतो, एवढीच अडचण.

तीन किलोंच्या पुढची पॉवर स्टेशने, म्हणजे पेटीएवढ्या मोठ्या बॅटऱ्या, ड्रोन किंवा लॅपटॉप बाळगणाऱ्यांसाठी आहेत. ती बहुधा जलरोधक नसतात आणि कयाकच्या गोल झाकणातून आत जातीलच असे नाही. हाताने फिरवण्याचे डायनॅमो मात्र खेळणे म्हणूनच घ्यावेत.

कोणताही पर्याय निवडला तरी खरा शत्रू ओलावा आहे. उपकरणांवर जलरोधकतेचा दर्जा छापलेला असतो: आयपीएक्स7 म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास, आणि तेही झाकण नीट लागले असेल तर. आयपीएक्स4 म्हणजे निव्वळ शिंतोडे. ओल्या पोर्टमध्ये केबल लावली की वीज वाहत असताना टोके गंजतात, म्हणून मोबाइल पूर्ण वाळल्याखेरीज चार्जिंग सुरू करू नये. बंद ड्राय बॅगेत, म्हणजे पाणी आत न जाणाऱ्या पिशवीत, चार्जिंगही नको, कारण 45 अंशांच्या वर लिथियम सेल चार्ज करणे योग्य नव्हे आणि उन्हातली काळी पिशवी त्याच्याही पुढे जाते.

महेश्वरच्या बेतासाठी मी दहा हजारांच्या दोन बँका आणि साधा भिंतीचा चार्जर एवढेच नेईन. इंदिरासागरावर पाच दिवसांपर्यंत वीस हजारांच्या दोन बँका नेईन. आठवडा किंवा त्याहून अधिक असेल तर एक बँक कमी करून वीस वॅटचे पॅनेल घेईन. पॅनेल घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी एका रविवारी घराच्या गच्चीवर ते दुपारी बारा ते दोन सपाट ठेवून रिकामी बँक किती भरते ते पाहावे, आणि त्यानंतर तेच तिरपे ठेवून पाहावे.