बॅरा बेटावर आख्खी उन्हाळी सुट्टी: सात आठवड्यांनंतरचा अनुभव

गेल्या वर्षी दोन आठवडे राहून आलो तेव्हाच लिहायचं मनात होतं, पण दोन आठवड्यांत कुठलंही गाव चांगलंच वाटतं. यंदा जूनच्या अखेरीला ग्लासगोच्या शाळा सुटल्या तेव्हापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत आम्ही बॅरावर होतो. नवरा, मी आणि अकरा नि सहा वर्षांच्या दोन मुली. त्यातले पाच आठवडे आईबाबा रत्नागिरीहून येऊन राहिले. मधे लंडनजवळ राहणारे माझे दीर-जाऊ दोन लहानग्यांना घेऊन चार दिवसांसाठी आले. एकाच घरात तीन तऱ्हेच्या गिऱ्हाइकांनी बेट वापरून पाहिलं आणि तिघांचे निकाल वेगवेगळे लागले. परत येऊन तीन महिने झालेत, कौतुक आणि वैताग दोन्ही जरा निवलंय, म्हणून आता लिहिते.

बॅरा म्हणजे स्कॉटलंडच्या पश्चिमेला आउटर हेब्रिडीज ही जी बेटांची माळ आहे, तिचं दक्षिणेकडचं टोक. बांधाने जोडलेलं शेजारचं व्हॅटर्से धरून वस्ती सुमारे १,२००. बेटाला वळसा घालणारा एकच रस्ता, वीसेक किलोमीटरचा, बराचसा एका गाडीपुरता. समोरून गाडी आली की ज्याच्या जवळ बाजूची जागा असेल त्याने थांबायचं आणि दुसऱ्याने हात वर करून पुढे जायचं. दोन दिवसांत आम्ही पोस्टाच्या गाडीपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांना हात करत होतो. कॅसलबे हे मुख्य गाव. तिथे बऱ्यापैकी सुपरमार्केट, पेट्रोल पंप, शाळा, छोटं रुग्णालय आणि खाडीत मधोमध पाण्यात उभा किसिमुल किल्ला. हा मॅकनील घराण्याचा किल्ला २००० साली सरकारी पुरातत्त्ववाल्यांना हजार वर्षांच्या भाड्याने दिलाय. भाडं किती, तर वर्षाला एक पौंड आणि व्हिस्कीची एक बाटली. बाबांना हा करार इतका आवडला की येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी तो ऐकवला. किल्ला मात्र आम्ही काठावरूनच पाहिला.

आधी बोटीचं सांगते, कारण सुट्टी चांगली की वाईट हे तिच्यावर ठरतं. मुख्य भूमीवरच्या ओबन बंदरातून कॅसलबेला पावणेपाच तास. सुरुवातीचा प्रवास मल बेटाच्या आडोशाने होतो, पाणी तळ्यासारखं. टोबरमोरीची रंगीत घरं दिसेपर्यंत मुली डेकवर पळत होत्या, चिप्स खात होत्या. आर्डनामर्कनचं टोक मागे पडलं आणि उघडा समुद्र लागला. मग चिप्स जिथून गेल्या होत्या तिथूनच परत आल्या. गोळी ओबनलाच घ्यायची, लागायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. हे मला गेल्या वर्षीच कळलं होतं, तरी यंदा विसरले.

उन्हाळ्यात गाडीसकट बोटीवर जागा मिळणं हे खरं दिव्य. घराचं बुकिंग आधी केलंत आणि बोटीचं नंतर, तर फसलात. चालत जाणाऱ्याला जागा सहसा मिळते. बेटावर बस आहे, भाड्याच्या सायकली आहेत, पण दोन मुलं आणि सात आठवड्यांचं डाळ-तांदूळ पाठीवर घेऊन कोण जाणार? शिवाय वारा. ऐन जुलैतही वाऱ्यामुळे बोट रद्द होते. आमच्या सात आठवड्यांत तसं दोनदा झालं. दुसऱ्या दिवशी दुकानात पावाच्या फळ्या रिकाम्या, दूध संपत आलेलं. आमचं काही अडलं नाही, आई भाकऱ्या थापत होती. दिरांचं मात्र अडलं. त्यांच्या चार दिवसांतला पहिला दिवस ओबनच्या एका खोलीत दोन रडक्या पोरांबरोबर गेला आणि उरलेले तीन ‘परतीची बोट सुटेल ना?’ या काळजीत. लंडनहून गाडीने ओबन म्हणजे आधीच दीड-दोन दिवस. जाऊबाई निघताना म्हणाल्या, ‘वहिनी, जागा सुंदर आहे, पण मी पोहोचलेच नाही इथे.’ अगदी बरोबर बोलल्या. दहा दिवसांपेक्षा कमी सुट्टी असेल तर हे बेट तुमच्यासाठी नाही, कितीही सुंदर फोटो पाहिले असोत.

आता समुद्र. व्हॅटर्सेला एका चिंचोळ्या वाळूच्या पट्टीच्या दोन्ही अंगांना दोन किनारे आहेत, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. वारा ज्या बाजूचा असेल त्याच्या उलट्या किनाऱ्यावर जायचं, पाच मिनिटांचं अंतर. वाळू शंखशिंपल्यांच्या चुऱ्याची, पांढरी, आणि पाण्याचा रंग असा की रत्नागिरीला फोटो पाठवले तर मामाने विचारलं, ‘मालदीवला कधी गेलात?’ त्या पाण्यात पाय घातला की मालदीव लगेच उतरतं. जुलैतही पाणी १३-१४ अंशांच्या पुढे जात नाही आणि हवा १५-१६ ला अडून बसते. मुली वेटसूट घालून तासभर डुंबायच्या. आम्ही मोठी माणसं काठावर जाकीट घालून थर्मासमधला चहा पीत बसायचो. बाबा पहिल्याच दिवशी म्हणाले, ‘समुद्र बघायला रत्नागिरीची माणसं इथवर आली, हे गावात सांगू नकोस.’

व्हॅटर्सेचा बांध १९९१ चा. त्याआधी गुरं सामुद्रधुनीतून पोहत न्यायची. १९८६ साली बर्नी नावाचा एक जातिवंत वळू तसा पोहताना बुडून मेला, त्याची बातमी झाली आणि बांधाच्या मागणीला जोर आला. धाकटीने बर्नीचं चित्र काढून खिडकीला लावलं होतं. पश्चिमेच्या किनाऱ्यामागे एक दगडी स्मारक आहे. १८५३ साली ॲनी जेन नावाचं कॅनडाकडे निघालेलं देशांतर करणाऱ्यांचं जहाज इथे फुटलं, साडेतीनशेच्या आसपास माणसं गेली. ते वाचल्यावर आई त्या किनाऱ्यावर चपला काढून चालायची. आम्हाला कुणालाच तसं करायला तिने सांगितलं नाही.

पण आमचा खरा अड्डा विमानतळ. आईबाबा ग्लासगोहून विमानानेच आले, एकोणीस आसनी ट्विन ऑटर. पायलट आणि प्रवासी यांच्यामधे दार नाही. आई दुसऱ्या रांगेत होती आणि तासभर पायलटच्या हातांकडे बघत होती. ‘एस्टीच्या ड्रायव्हरसारखा वरचा दांडा ओढत होता,’ हे तिचं वर्णन. विमान उतरतं ते ट्राय वोर नावाच्या पुळणीवर, वाळूवर, आणि भरतीला तीच धावपट्टी पाण्याखाली जाते. म्हणून विमानाचं वेळापत्रक ओहोटी पाहून लागतं. बाबांना हे कळल्यावर त्यांनी बॅगेतलं कालनिर्णय काढलं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग म्हणजे कमी चढउताराची भरती, हा हिशेब त्यांच्या अंगात मुरलेला. आठवड्याभरात ते तिथी बघून विमानाच्या वेळेचा अंदाज सांगायला लागले. दोनदा साफ चुकले, पण ते वाऱ्यामुळे, असं त्यांचं म्हणणं.

याच पुळणीत शिंपल्या आहेत. इंग्रज त्यांना कॉकल म्हणतात. आपल्या तिसऱ्यांहून जरा फुगीर, उभ्या रेघांच्या, पण आईच्या दृष्टीने तिसऱ्याच. गावातली माणसं दाताळं घेऊन काढताना दिसली, तेव्हा आईला घरात बसवेना. शेजारणीला विचारून घेतलं, तिनेच बादली आणि दाताळं दिलं. नऊवारी नाही, पण पाचवारी साडी गुडघ्यापर्यंत खोचून, खाली माझे गमबूट, वर नवऱ्याचं पिवळं रेनकोट, अशी आई ओल्या वाळूत वाकून ओढत होती. वाळू खरवडताना खट्ट आवाज आला की थांबायचं. तासाभरात अर्धी बादली. काठावर वाऱ्याची पिशवी लावली की विमान येणार, पुळणीवरून बाहेर यायचं, हा नियम. पिशवी वर चढलेली मी पाहिली आणि हाका मारल्या. आई म्हणाली, ‘अगं थांब, इथे दाट आहेत.’ शेवटी विमानतळाची गाडी लांबून येताना दिसली, तेव्हा बादली उचलून ती अशी पळाली की गुडघेदुखीसाठी आणलेला पट्टा मी त्या दिवसापासून तिला दिलाच नाही. बसून विमान उतरताना पाहिलं, दोन्ही बाजूंना पाण्याचे फवारे उडवत. मग घरी येऊन रात्रभर समुद्राच्या पाण्यात ठेवल्या, वाळू सोडायला. विळी नव्हती. सुरीने त्या चिरता येईनात, म्हणून उकडून उघडल्या, आणि ग्लासगोहून नेलेल्या गोठवलेल्या खोबऱ्यात सुकं केलं. एवढ्या लांबून आणलेली कोकमं तिथे कामी आली.

खाण्याचं याच ओघात सांगून टाकते. हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, कढीपत्ता विसरा. डाळी, पिठं, मसाला घरून न्या. बांगडा मात्र भरपूर. धक्क्यावरून गळ टाकून बाबांनी आणि थोरलीने एका संध्याकाळी नऊ काढले. आपल्या बांगड्याचा हा लांबचा भाऊ, अंगात तेल जास्त, रव्यात तळला तर तव्यात वेगळं तेल फारसं लागत नाही. कॅसलबेत एका कॅफेत स्कॅलप या मोठ्या शिंपल्यांची भजी मिळतात. ती आम्ही इतक्यांदा खाल्ली की हिशेब ठेवला नाही.

पाऊस येतो तो आडवा. छत्री घरीच ठेवा. सलग चार दिवस धुकं आणि पाऊस असा एक आठवडा गेला, तेव्हा घर छोटं वाटायला लागलं. घराच्या जाहिरातीत इंटरनेट ‘उत्तम’ होतं. प्रत्यक्षात माझ्या मीटिंगमधे मी अर्ध्या वाक्यात गोठून बसायचे. ज्यांना तिथून काम करायचंय त्यांनी घरमालकाला आकडा विचारावा, विशेषण नको. त्याच आठवड्यात मुलींना वाचवलं ते फेशने. गेलिक संगीत मुलांना शिकवणारे हे मेळे आता स्कॉटलंडभर होतात, पण पहिला भरला तो १९८१ साली इथे बॅरावरच. थोरली टिन व्हिसल, म्हणजे पत्र्याची बासरी, शिकली. दोन सूर येतात, तेच अजून वाजवते. आणि तिला बेटावरच्या मैत्रिणी मिळाल्या, त्यानंतर ती आम्हाला फक्त जेवायला भेटायची. ग्लासगोत जिला कोपऱ्यावरच्या दुकानात मी एकटं सोडत नाही, ती रात्री साडेनऊला सायकलवरून परत यायची. उजेडाचा प्रश्नच नव्हता, जूनच्या शेवटी सूर्य साडेदहाच्या सुमारास मावळतो. लहान मुलं असतील तर जाड काळे पडदे मात्र न्याच. दिरांची पोरं पहाटे साडेचारला ‘सकाळ झाली’ म्हणून उठायची.

त्यात भर कॉर्नक्रेकची. आफ्रिकेतून येणारा हा दुर्मीळ पक्षी बघायला लोक पैसे मोजून येतात. तो दिसत नाही, गवतात लपून रात्रभर ओरडतो, कंगव्याच्या दातांवरून नख फिरवल्यासारखा. पहिल्या रात्री कौतुक, चौथ्या रात्री उशी कानावर. मिज नावाची चिलटं वारा पडला की येतात. बॅरावर वारा क्वचितच पडतो, त्यामुळे मुख्य भूमीपेक्षा त्रास कमी. गोचिडी जास्त गंभीर. माखर म्हणजे किनाऱ्यामागची फुलांनी भरलेली कुरणं, तिथे जुलैत अनवाणी लोळावंसं वाटतं, पण संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, केसांत बघायलाच हवं. गोचीड काढायचा चिमटा सोबत ठेवा. मोठं दुखणं निघालं तर रुग्णाला विमानाने हलवतात. बाबांची बायपास झालेली आहे, म्हणून मी निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोलले होते. प्रत्येकाने बोलावं.

मिंगुलेला जायचं असेल तर पहिल्या आठवड्यातच नाव द्या. १९१२ साली शेवटची माणसं उठून गेली तेव्हापासून ते बेट ओसाड आहे, आता पफिन पक्ष्यांचं. लाटा असतील तर बोट काठाला लागत नाही. आमची खेप तीनदा पुढे गेली, चौथ्यांदा उतरलो. पफिन ऑगस्टच्या सुरुवातीला समुद्रात निघून जातात, आम्हाला शेवटचे थोडे सापडले. बाबा पडक्या घरांच्या भिंतींमधे बराच वेळ उभे होते. म्हणाले, आमच्या वाडीतही आता चार घरं अशीच आहेत, फक्त कौलं शाबूत.

कुणाला मानवेल, तर शाळकरी मुलांना डोळे मिटून. समुद्राकाठच्या आजीआजोबांना, आमच्या घरचा अनुभव तरी तसाच. तान्ही पोरं असणाऱ्यांनी दोन-तीन वर्षं थांबावं. सगळ्यात अवघड गेलं ते नवऱ्याला. तिसऱ्या आठवड्यात त्याने बेटाला नऊ वेळा गाडीने वळसा घातला आणि मग म्हणाला, ‘आता काय?’ पाचव्या आठवड्यात त्याने विचारणं सोडलं, पण ते मानवलं म्हणून की कंटाळून, हे त्याने अजून सांगितलेलं नाही.

पुढच्या जुलैसाठी तेच घर तीन आठवडे मिळालंय. गाडीसकट बोट परतीची मिळालीय, जायची अजून नाही. आईने विळी बॅगेत भरायची असं आत्ताच बजावलंय. विमानात नेऊ देतील का, हे मी तिला विचारलेलं नाही.