तुंबला होता स्लो जेट, बिल फाडलं हाफ इंजिनचं

पावसाळाभर झाकून ठेवलेली 150 सीसीची हिरो इम्पल्स. चोक ओढला की सुरू, चोक सोडला की बंद. सिग्नलला सतत रेस देऊन धरावी लागे, पण मोकळ्या रस्त्यावर एकदा उचलली की झकास पळायची. गॅरेजवाल्याने मालकासमोर गाडी चालू केली, सायलेन्सरमधून निळा धूर दाखवला आणि सांगितलं, "रिंगा गेल्यात, हाफ इंजिन करावं लागेल." रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीची कडी, आणि हाफ इंजिन म्हणजे सिलिंडर उतरवून पिस्टन-रिंगांचं काम.

रिंगा गेलेली गाडी जोर लावताना सगळ्यात आधी मार खाते. इथे उलटं होतं: वर जोरदार, खाली मेलेली. म्हणजे पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरमधला, जोरात पळताना पेट्रोल देणारा मेन जेट मोकळा, आणि हळू चालताना पेट्रोल देणारा बारीक स्लो जेट तुंबलेला. जुनं पेट्रोल फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या भांड्यात, सुकून चिकट थर धरतं आणि त्या बारीक भोकाला तो पुरेसा होतो. धुराचं म्हणाल, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकलं की कोणतीही धडधाकट गाडी निळा धूर सोडते आणि थोड्या वेळाने तो थांबतो. खरोखर ऑइल पिणाऱ्या गाडीची पातळी दोन सर्व्हिसिंगच्या मधे उतरते. या गाडीची उतरली नव्हती.

ही फसवणूक पचते, कारण हाफ इंजिन करताना कार्बोरेटरही साफ होतो. गाडी सुरळीत चालते आणि मालकाला वाटतं, पैसे सत्कारणी लागले. इथे बिंग फुटलं ते परत दिलेल्या 'जुन्या' पिस्टनमुळे. त्याच्या माथ्यावर 0.50 कोरलेलं होतं, म्हणजे तो ओव्हरसाइज, आधी बोअर मारलेल्या (सिलिंडर आतून घासून मोठा केलेल्या) इंजिनातला. या गाडीचं इंजिन त्याआधी कधी उघडलंच नव्हतं.

इंजिन उघडू देण्याआधी कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर, लावायला सांगा. इंजिन गरम, प्लग काढलेला, थ्रॉटल पूर्ण उघडा. रीडिंग मॅन्युअलपेक्षा कमी आलं तर चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घ्या. वाढलं तर रिंगा किंवा बोअर. तसंच राहिलं तर वॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यावरच्या हेडमधला सील), आणि त्याआधी टॅपेट, म्हणजे वॉल्व्हची फट, तपासायचे. आपोआप डिकॉम्प्रेशन (सुरू करताना दाब कमी करणारी सोय) असलेल्या इंजिनांत रीडिंग मुळातच कमी येतं, त्यावरूनही घाबरवतात.

कॉम्प्रेशन ठीक असेल तर कार्बोरेटर उतरवा. पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा मिक्श्चर स्क्रू काढण्याआधी हलकेच आत फिरवून किती फेरे होते ते लिहून ठेवा. जेटमध्ये तार खुपसू देऊ नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा प्रेशर पुरतो. कार्बोरेटरमधल्या व्हॅक्यूमच्या रबरी पडद्याला मात्र क्लीनर लागता कामा नये. पडदा उजेडासमोर धरून चीर पाहा. कार्बोरेटर आणि हेडमधल्या रबरी जोडाला तडा असला तरी आयडलिंग (रेस न देता इंजिन चालू राहणं) टिकत नाही. गाडी थंड असताना चालू करून तिथे थोडा क्लीनर फवारला आणि इंजिनचा आवाज बदलला, तर हवा तिथूनच शिरते आहे.

काम द्यायचंच ठरलं तर सिलिंडर उतरवताना समोर उभे राहा, पिस्टनच्या माथ्याचा फोटो तिथेच काढा आणि पार्टवार बिल घ्या. ते हातात असेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार मांडता येते.